एकाच गोळीचा हिशोब

पाच काडतुसांचा डबा उघडून मी ती टेबलावर उभी केली आणि फोन त्यांच्यावर धरला. पलीकडे, कुडाळजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, अप्पा चष्मा सारखा करून बघत होते. काडतुसाच्या तोंडातून गोळीचं नाक दिसत होतं.

"छर्रे खंय गो?"

"छर्रे नाहीत, अप्पा. एकच गोळी."

"एकच? आणि चुकली तर?"

अप्पांच्या नावावर पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की घरी येते. तिची काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, 'शक्तिमान' छापाची. एल.जी. म्हणजे आत सहा मोठे छर्रे, एस.जी. म्हणजे नऊ. भाताच्या खाचरात डुकरं उतरली की अप्पा बहुतेक वेळा हवेत बार काढून ती पळवायचे. त्यामुळे त्यांच्या मनात काडतूस म्हणजे छर्रेच. मी राहते त्या ओहायो राज्यात हरणावर छऱ्यांचं काडतूस चालवायला कायद्याने मनाई आहे. शॉटगन (अप्पांच्या बंदुकीसारखी, मुळात छऱ्यांसाठीची) असेल तर एका बाराला एकच गोळी, आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत.

कारण सरळ आहे. लांबून मारलेल्या छऱ्यांतले दोन-तीन अंगात घुसतात, हरीण पळून जातं आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी ओढ्यात मरतं. एक जड गोळी योग्य जागी बसली तर ते काही सेकंदांत संपतं. मात्र ती योग्य जागी बसवण्याची सगळी जबाबदारी बंदूक धरणाऱ्याची. गेली चार वर्षं मी बंदुकीच्या नळ्यांचा आणि गोळ्यांचा अभ्यास करते आहे, तो एवढ्यासाठीच.

आमचं गाव फिंडले. ओहायोच्या वायव्येला, ब्लँचर्ड नदीच्या काठी. इथून उत्तरेला एकेकाळी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची प्रचंड दलदल होती. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती चर खणून कोरडी केली आणि तिथे शेती उभी राहिली. आता नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन, मध्ये मध्ये झाडांचे पुंजके, ओढ्यालगत झुडपांची रांग. जमीन परातीसारखी सपाट. अशा जागी रायफलची गोळी चुकली तर तिला अडवायला डोंगर नाही, ती पार पलीकडच्या घरापर्यंत जाऊ शकते. म्हणून इथे वर्षानुवर्षं हरणासाठी शॉटगनच होती. तिची जाड, बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. २०१४ पासून सरळ भिंतीच्या (वर निमुळती मान नसलेल्या) काडतुसांच्या काही रायफलींना परवानगी मिळाली आणि बरेच जण तिकडे वळले. मी शॉटगनवरच राहिले, कारण मला शिकवणारे शेजारचे शेतकरी आजोबा शॉटगनवाले आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं अजून संपलेलं नाही.

हरणांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर घरच्यांना हे सगळं विचित्र वाटेल. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण १९०४ पर्यंत ओहायोतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. पुढे ते परत आणून सोडलं, वाढवलं, आणि १९४३ मध्ये फक्त तीन काउंटींत बंदुकीचा पहिला आधुनिक हंगाम झाला. आज ते इतकं वाढलंय की कोवळं सोयाबीन फस्त करतं आणि दरवर्षी हजारो गाड्यांवर आदळतं. हरणं मारणारे लांडगे आणि कूगर (एक मोठं रानमांजर) इथून कधीच गेले. शिकारीचा परवाना, हरणाचं परमिट, मारलेल्या जनावराची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत, असा सगळा काटेकोर कारभार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या छायेत वाढलेल्या मला हे पचवायला दोन वर्षं लागली. मग मी शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि परवाना काढला.

नव्याने येणाऱ्यांसाठी जाता जाता एक सांगते: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. कागद नीट वाचल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात घेऊ नका. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले.

आता नळीकडे येते.

पहिल्या वर्षी आजोबांनी त्यांची जुनी पंप-ॲक्शन, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढायची बंदूक दिली. बारा गेज, २८ इंच लांब नळी, आतून गुळगुळीत, टोकावर पितळेचा एक मणी. पक्षी मारायची बंदूक ती. (गेजचा अर्थ मला तेव्हा कळला: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसतो ती बारा गेज. म्हणून वीस गेजची नळी बारापेक्षा अरुंद. अप्पांच्या 'बारा बोअर'मधला बाराही हाच.) रेंजवर ५० यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या. कागदावरची भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरली. हरणाच्या पुढच्या खांद्यामागे फुप्फुसांची जागा असते, तीही साधारण तेवढीच. म्हणजे ५० यार्डांवर माझ्या हाताला चूक करायला जागाच उरली नव्हती. आजोबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मग तुझी हद्द तीस यार्ड." त्या वर्षी मी एकही गोळी झाडली नाही, कारण तीस यार्डांच्या आत काही आलंच नाही.

गुळगुळीत नळीतून जाणारी गोळी बहुधा फॉस्टर पद्धतीची असते. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने ती १९३१ मध्ये काढली. मऊ शिशाची, पुढून भरीव, मागून टोपीसारखी पोकळ. सगळं वजन पुढे असल्यामुळे ती बॅडमिंटनच्या फुलासारखी नाक पुढे ठेवून सरळ जाते. तिच्या अंगावर तिरक्या रेघा असतात, त्या बघून वाटतं की ती फिरत असणार. त्यांनी ती फारशी फिरत नाही. नळीच्या चिंचोळ्या तोंडातून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी, हे त्यांचं खरं काम. तरीही अगदी आवळ तोंडाच्या, म्हणजे फुल चोकच्या नळीतून ती मारू नये. सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर चोक, म्हणजे न आवळलेलं किंवा किंचितच आवळलेलं तोंड हवं. फॉस्टरच्या आधी, १८९८ मध्ये, जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी मागे बूच जोडलेली भरीव गोळी केली होती. ती अजूनही मिळते आणि जाड हाडांतून खोल जाते. आजोबा फॉस्टरच वापरतात. त्यांची बंदूक इथाका ३७ डिअरस्लेअर, १९५९ मध्ये खास गोळीसाठी म्हणून निघालेली. तिची नळी नेहमीपेक्षा घट्ट आणि वर रायफलसारखी दोन टोकांची नेमपट्टी. ते ओढ्याच्या झुडपांत बसतात, तिथे चाळीस यार्डांपलीकडचं दिसतच नाही. त्यांच्या जागेला त्यांची नळी अगदी योग्य आहे.

माझी जागा वेगळी. मी बसते ती कापलेल्या सोयाबीनच्या कडेला, आणि समोर दीडशे यार्ड उघडं रान. तिथे गुळगुळीत नळी घेऊन बसणं म्हणजे समोर आलेल्या प्रत्येक हरणाला मनात मोजत राहणं. म्हणून मी पिळाच्या नळीकडे गेले. तिच्या आत आटे पाडलेले असतात. बऱ्याच नळ्यांत साधारण २८ ते ३६ इंचांत एक वळसा, म्हणजे २४ इंचांच्या नळीत गोळीचा एक पूर्ण वेढाही होत नाही. तरी बाहेर पडताना तिला जी गरगर मिळते ती पुरते. मधला एक स्वस्त मार्गही आहे: गुळगुळीत नळीच्या तोंडाला बसवायची पिळाची चोक ट्यूब. मी ती वापरून पाहिली. गोळ्या थोड्या जवळ आल्या, पण ज्या भरवशाने बार काढावा तो भरवसा आला नाही. पैसे साठवून पूर्ण पिळाचीच नळी घ्या, हे माझं स्पष्ट मत.

मी घेतली ती मॉसबर्ग ५००, वीस गेज, २४ इंची नळी. बारा घेतली नाही याबद्दल दुकानातल्या दोघांनी मला समजावायचा प्रयत्न केला. पण बारा गेजच्या तीन इंची काडतुसाचा धक्का मी सोसला आहे. तिसऱ्या बारानंतर खांदा नकळत मागे सरतो, डोळा मिटतो आणि चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. वीस गेजमधून सुमारे २६० ग्रेनची, म्हणजे जेमतेम १७ ग्रॅमची गोळी निघते आणि हरणाला ती पुरून उरते. मी दिवसभर शांतपणे सराव करू शकते, हे जास्त मोलाचं. दस्ताही आखूड मिळाला, माझ्या हाताच्या मापाचा. दस्ता लांब असेल तर डोळा दुर्बिणीच्या रेषेत येतच नाही. बायकांनी बंदूक घेताना हे आधी बघावं.

दुर्बीण नळीलाच जोडलेल्या पट्टीवर बसते. नळी काढून पुन्हा लावली तरी दुर्बीण आणि नळी एकमेकींना सोडत नाहीत, हा त्याचा फायदा. दुसरी गुळगुळीत नळी लावून त्याच बंदुकीवर कबुतरं मारता येतात. पिळाच्या नळीतून छर्रे मात्र मारू नयेत, ते गरगरत बाहेर पडतात आणि मधली जागा रिकामी सोडून कडेला पसरतात.

पिळाच्या नळीला गोळी लागते सेबटची. प्लास्टिकच्या पाकळ्यांत बसवलेली बारीक गोळी. पाकळ्या आट्यांत रुततात, गोळीला फिरवतात आणि बाहेर पडल्यावर गळून जातात. हीच गोळी गुळगुळीत नळीतून मारली तर तिला कुणी फिरवत नाही आणि ती कुठेही जाते. उलट फॉस्टर पिळाच्या नळीतून मारली तर आट्यांत शिसं माखतं. आणि हे घरात मोठ्या अक्षरांत लिहून लावावं असं: वीस गेजचं काडतूस चुकून बारा गेजच्या नळीत गेलं तर आत घसरून अडकतं, मागून बाराचं काडतूस लावून बार काढला की नळी फुटते. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी असतात.

सेबट महाग. एकेका गोळीला तीन-चार डॉलर सहज पडतात, डब्यात पाच. तरी मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे घेतले, कारण कुठल्या नळीला कुठली गोळी मानवेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आधी २५ यार्डांवर कागदावर आणली, मग ५०, मग १००. शंभरावर एकीची भोकं वितीपेक्षा लांब पसरली, दुसरीची जरा बरी, तिसरीची तीन इंचांत. तीन इंच! मी कागद घडी करून पाकिटात ठेवला. दोन बारांच्या मध्ये नळी पूर्ण थंड होऊ देत होते, कारण शिकारीच्या दिवशी जो एकमेव बार काढायचा असतो तो गार नळीतूनच असतो.

पुढच्या आठवड्यात त्याच गोळ्या सहा इंच डावीकडे. मी दुर्बीण फिरवत बसले, पाच-सहा गोळ्या वाया घालवल्या. आजोबा आले, त्यांनी नळी हाताने हलवून पाहिली आणि पुढचा स्क्रू घट्ट केला. नळीला धरून ठेवणारा तो स्क्रू पाव वळसा सैल झाला होता. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी मी तो स्क्रू तपासते आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे.

हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होतो, सात दिवस. अंगावर नारिंगी जाकीट सक्तीचं. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बार काढायची मुभा असते, पण मी पूर्ण उजाडेपर्यंत थांबते. त्या सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला पलीकडच्या झाडांतून एक मोठा नर बाहेर आला. शिंगं बघून श्वास अडकला. दूरी मोजायच्या यंत्रात आकडा आला १३४. माझी हद्द मी १०० ठरवली होती, आणि शेतावरून आडवा वारा वाहत होता. तो चालत चालत ओढ्यात उतरला. बंदूक मी उचललीच नाही.

साडेनऊला एक मादी आली, एकटी. ७१ यार्ड, आडवी उभी. पुढच्या खांद्याच्या मागे नेम धरला आणि चाप हळूच दाबला. ती उसळली आणि कुंपणाच्या झुडपांत शिरली. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे अर्धा तास जागेवरून हलले नाही. मग पावलं मोजत गेले. गवतावर रक्ताची ठळक रेघ होती आणि झुडपाच्या पलीकडे, साधारण चाळीस पावलांवर, ती पडलेली होती. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसले.

कुडाळकडच्या आमच्या गावात पूर्वी हाकारा घालून पारध व्हायची तेव्हा सगळ्यांना वाटा जायचा, असं अप्पा सांगतात. मीही आधी आजोबांचा वाटा काढला, मागचा एक पाय अख्खा. उरलेल्यातलं दोन किलो त्या रविवारी मालवणी मसाल्यात, भाजक्या खोबऱ्याचं वाटण घालून सुकं केलं. हे मांस मटणापेक्षा कोरडं, चरबी जवळजवळ नाहीच, म्हणून तेल जरा सढळ घालावं लागतं आणि आच मंद ठेवावी लागते.

अप्पांना फोनवर सगळं सांगितलं. ते मांसाबद्दल बोललेच नाहीत. "तो पहिलो सोडलंस ता बरा केलंस," एवढं म्हणाले, आणि मग नळीत प्लास्टिक राहतं का ते विचारलं. राहतं. आट्यांत पाकळ्यांचं प्लास्टिक चिकटून बसतं, नेम हळूहळू बिघडवतं. काल रात्री तासभर पितळी ब्रश मारून ते काढलं. आणि त्या तिसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचे चार डबे, डब्यावरचा लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) जुळवून, पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवले आहेत.