तुम्ही विचारलंत म्हणून: कोयनेचा मोठा धक्का आधी का कळत नाही?

कोयना-वारणा पट्ट्यातील भूकंपमापकांच्या नोंदी पाहणे हे माझे काम आहे असे कळताच लग्नाच्या पंगतीतही मला एकच विचारले जाते: पुढचा मोठा धक्का कधी बसणार, आणि एवढी यंत्रे असून तुम्हाला तो आधी कसा कळत नाही? एरवी मी विषय बदलतो, पण आज उत्तर देतो.

आम्हाला काहीच कळत नाही, असे कृपा करून म्हणू नका. धक्के साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच टापूत बसतात. पावसाळ्यात कोयना धरणाचा जलाशय, म्हणजे शिवाजीसागर, भरत आल्यावर आणि पुढे पाणी उतरू लागल्यावर ते वाढतात. पाणी किती वेगाने चढले आणि किती काळ टिकले, यावरही बरेच अवलंबून असते. याच टापूतील गोठणे येथे ३ किलोमीटर खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्ट खडकाखाली ग्रॅनाइटी पाषाण लागला. त्यातील जुन्या भेगांवर आधीपासूनच ताण आहे आणि झिरपलेल्या पाण्याचा दाब त्यांची पकड सैल करतो. एवढे सगळे सांगता येते, पण दिवस सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी पाऊस सरताना लहान धक्क्यांची रांग लागली होती. तिथल्या भूकंपमापक केंद्राची बॅटरी तपासून निघालो, तर शेजारच्या घरातील आजींनी हाक मारून मला आत नेले आणि भिंतीतील नवी भेग दाखवली. त्यांनी ती शेणमातीने लिंपली होती आणि लिंपण अजून ओले होते. १९६७ मध्ये त्यांची थोरली बहीण भिंतीखाली गेली होती. त्यांनी विचारले, "बाळा, आज पोरांना आत निजवू का अंगणात, एवढंच सांग."

१९६७ मध्ये १३ सप्टेंबरला जोराचा धक्का बसला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे गेली, हे मला पाठ होते. तशा रांगा नंतर कितीतरी वेळा लागून विरून गेल्या, हेही पाठ होते. "सांगता येत नाही, आजी," एवढेच मी म्हणालो. "मग इथं येऊन बघता तरी काय रं?" असे विचारून त्यांनी पोरांची अंथरुणे बाहेर टाकली. रात्री पाऊस आला, धाकटा नातू तापाने फणफणला आणि धक्के आठवडाभरात थांबले. माझे उत्तर शास्त्राला धरून होते, असे मी आजही म्हणतो, आणि तरीही ते आठवले की जीव कासावीस होतो.

नोकरीला लागलो तेव्हा नोंदी साठत गेल्या की पूर्वखूण सापडेलच, असा माझा ठाम विश्वास होता. १९७५ मध्ये चीनमधील हायचेंग शहर भूकंपाआधी रिकामे केले, हा तेव्हाचा माझा पुरावा. त्याला आज मी चीनमधल्याच तांगशान शहराचे उत्तर देतो: पुढच्याच वर्षी तिथे कोणताही इशारा न मिळता २ लाख ४० हजारांहून अधिक माणसे मेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला १९९३ पर्यंत अपेक्षित असलेला भूकंप २००४ मध्ये आला, आणि सभोवती यंत्रे असूनही ठळक पूर्वखूण मिळाली नाही. पण तो तरुण मीही गप्प बसत नाही. एवढ्या लहान टापूत एवढे वारंवार धक्के जगात फार थोड्या ठिकाणी बसतात, आणि चार रिश्टरच्या आसपासचे काही अंदाज इथे जुळलेही आहेत, हे त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही.

"धोका नेहमीपेक्षा वाढला आहे, तरी आज रात्री बहुधा काही होणार नाही," एवढे मी आजींना खरेपणाने सांगू शकलो असतो. ते ऐकून त्यांनी पोरांना कुठे निजवायला हवे होते, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.