उठायला लाज वाटेल अशी जागा

पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा अभ्यासाची जागा शोधावी लागेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. बार्शीला आमच्या किराणा दुकानामागे एक खोली होती. एका भिंतीला गुळाच्या ढेपा, दुसरीला पोती, सगळीकडे हिंगाचा वास आणि उघड्या दारातून समोर दिसणारे, गल्ल्यावर बसलेले वडील, अशा त्या खोलीत मी बारावीपर्यंत अभ्यास केला. शांतता म्हणून तिथे नव्हतीच. पावशेर, अर्धा किलो आणि उधारीची बोलणी दिवसभर कानांवर पडत. तरीही अभ्यास होई. तो का होत असे, हे कळायला मात्र मला संख्याशास्त्राची पुण्यातली दोन्ही वर्षे खर्ची घालावी लागली.

गणेशखिंडीतला तो परिसर ४११ एकरांचा आहे. एवढ्या जागेत बसायला ठिकाण मिळणार नाही असे कोणाला वाटेल? पहिल्याच आठवड्यात मी मुख्य इमारतीपासून थोड्या अंतरावरचा एक वड हेरला. दगडी इमारतीचा मनोरा, समोरची हिरवळ, पारंब्या आणि मांडीवर वही, हे चित्र मी गावाकडून निघतानाच मनात रंगवून आणले होते. चित्र हुबेहूब जमले, अभ्यास तेवढा जमला नाही. सकाळी नऊला सावलीत बसावे तर साडेदहाला ऊन पानावर येई. सरकून बसावे तर तिथे मुंगळ्यांची रांग लागलेली. एकदा क्रामर–राव असमानता लिहून काढत होते. अनबायस्ड एस्टिमेटरचा व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीने बरोबर येणाऱ्या अंदाजातला चढउतार, एका ठरावीक मर्यादेखाली कितीही हुशारी केली तरी जाऊ शकत नाही, असे सी. आर. राव यांनी १९४५ साली दाखवून दिले. ती ओळ पुरी होते न होते तोच वरून एका पक्ष्याने नेमका त्याच ओळीवर आपला अभिप्राय दिला. तो पिवळट डाग आजही त्या वहीत आहे, आणि ती असमानता मी कधी विसरले नाही, हेही कबूल करायला हवे.

झाडाखालची खरी अडचण ऊन किंवा मुंगळे ही नव्हती. तिथे मन भटकायला पुरेपूर मोकळीक होती. समोरची इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळ्यातले निवासस्थान होती. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तिथेच झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. मी रोज ज्या रस्त्याने बसमधून येत असे तोच हा रस्ता. आता असल्या जागी बसून कोणाला मार्कोव्ह साखळ्यांत रस वाटेल? मी तासभर त्या बग्ग्या, मशाली आणि अंधार यांचाच विचार करत बसे, आणि मग पाठ वडाला टेकून सरळ झोपून जाई.

तिथून मी जयकर ग्रंथालयात गेले ती कंटाळून, काही ठरवून नव्हे. विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांचेच नाव ग्रंथालयाला आहे. माझ्यासारखीला आधी त्या वाचनकक्षाचा धाकच वाटला. लांब टेबले, पंख्यांची एकसुरी घरघर, आणि पान उलटल्याचा आवाजही आपलाच मोठा आहे की काय अशी शंका. पहिल्या दिवशी मी पाऊण तासात तीनदा उठले: एकदा पाणी प्यायला, एकदा उगीचच कार्ड तपासायला आणि एकदा कशासाठी ते मलाच आठवले नाही.

तिसऱ्यांदा परत आले तेव्हा समोर बसलेल्या मुलाकडे माझे लक्ष गेले. फिकट निळा सदरा, वरचे एक बटण वेगळ्या रंगाचे, टेबलावर वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेला जाडजूड ग्रंथ आणि शेजारी पेन्सिलीचे बोटभर उरलेले थोटूक. तो कोणत्या विषयाचा होता हे मला शेवटपर्यंत कळले नाही, कारण आम्ही एक शब्दही कधी बोललो नाही. पण मी तीनदा उठून आले तेवढ्या वेळात तो एकदाही हलला नव्हता. मान वर न करता त्याने पेन्सिलीने समासात एक बारीकशी खूण केली आणि पान उलटले. मला एकदम मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यानंतर मी दोन तास बसून राहिले, आणि त्यातल्या दुसऱ्या तासात माझा खरोखरच अभ्यास झाला.

मग बार्शीच्या खोलीचे कोडे सुटले. वडील गल्ल्यावरून माझ्याकडे पाहत नसत, त्यांना तेवढी सवड नसेच. पण ते तिथे सकाळी आठपासून बसलेले असताना आपण तासाभरात उठायचे, हे मनाला पटत नसे. शांतता, प्रकाश, वारा, खुर्ची या गोष्टी लागतातच, पण त्या दुय्यम आहेत. जिथून उठायला लाज वाटते ती अभ्यासाची जागा. गप्प राहून आपले काम करणारे दुसरे माणूस समोर असले की ही लाज आपोआप येते, आणि विद्यापीठासारख्या ठिकाणी असे माणूस आयते मिळते, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. पुढे सदाशिव पेठेतल्या एका खासगी अभ्यासिकेत मी महिनाभर पैसे भरून पाहिले. तिथे प्रत्येकाला तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेला स्वतंत्र कप्पा होता. शेजारचा अभ्यास करतोय की झोपलाय हे कळायची सोयच नव्हती, त्यामुळे मीही निर्धास्तपणे झोपत असे.

जयकरमध्ये जागा मात्र लवकर जाऊन धरावी लागे. वही, रुमाल, रिकामी बाटली ठेवून जागा अडवायची आणि नाश्त्याला जायचे, हा विद्यार्थ्यांचा जुना शिरस्ता. मीही तो पाळला आहे, त्यामुळे त्याविषयी नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. परीक्षेच्या दिवसांत खिडकीजवळच्या खुर्चीसाठी मी पोहे अर्धवट टाकून धावलेली आहे.

मात्र एक गोष्ट वाचनकक्षात मला कधी साधली नाही, ती म्हणजे प्रमेयाची सिद्धता स्वतःहून लिहून काढणे. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटे, मान डोलावली जाई, आणि पुस्तक मिटले की तिसऱ्या पायरीवर गाडी अडे. त्याचा उपाय विभागातल्या रिकाम्या वर्गात सापडला. पाचनंतर तास संपले की वर्ग मोकळे होत. कुलपे लावणारे मामा साडेसहाच्या सुमारास येत. मधल्या दीड तासात फळा आपला. खडूने उभ्याने लिहिताना हात वहीतल्यासारखा पळत नाही. एकेक चिन्ह मोठे काढावे लागते, आणि चुकीच्या पायरीवरून पुढे घसरता येत नाही, कारण ती चूक वितभर आकाराची होऊन डोळ्यांसमोर उभी राहते. राव–ब्लॅकवेल प्रमेय मी त्या फळ्यावर सलग चार संध्याकाळी लिहिले आणि पुसले. चौथ्या दिवशी मामा दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. मी घाईने डस्टर उचलले, तर म्हणाले, “होऊ दे ताई, पुरं कर. मी वरचा मजला बंद करून येतो.” पुरे केल्याशिवाय उठण्याची सोय तिथेही राहिली नाही.

वसतिगृहाच्या खोलीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पलंग आणि टेबल यांत दीड हाताचे अंतर होते, आणि ते अंतर नेहमी पलंगाच्या बाजूने जिंकले जाई. कँटीन मात्र माझ्या लेखी अभ्यासाच्या जागांतच येते, पण एकाच कामासाठी. माझी खोलीतली मैत्रीण भूगोलाची होती. तिला अनिकेतमध्ये चहाच्या कपापुढे बसवून रिग्रेशन म्हणजे काय हे समजावून सांगताना माझ्या लक्षात आले की, मला स्वतःलाच ते अर्धे कळलेले आहे. जे कोलाहलात, गणिताशी संबंध नसलेल्या माणसाला, चहा निवायच्या आत सांगता येत नाही ते आपल्याला येत नाही, असे समजावे.

आवारालाच लागून असलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात मी गेले ती अभ्यासाला नव्हे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या वास्तूत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत आणि फूकोचा लंबक आहे. लंबकाच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या परिवलनामुळे हळूहळू फिरते. ध्रुवावर तिची फेरी एका दिवसात पुरी होते, पण पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर तिला सुमारे ७५ तास लागतात. हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या तळहातावर पेनने केले. गर्दी मागून ढकलत होती, एक लहान मुलगा “ते पडेल का?” म्हणून आईला विचारत होता, आणि तरीही ते उत्तर मला पक्के आठवते. माझ्या सिद्धान्ताला हा एक अपवाद झाला, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने अपवाद लपवू नये.

सिद्धान्तांचेच निघाले म्हणून सांगते. अभ्यास आणि परीक्षा एकाच जागी झाली तर जास्त आठवते, असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि त्यासाठी १९७५ मधल्या गॉडन आणि बॅडली यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले. जिथे पाठ केले तिथेच ते अधिक आठवले. पण त्यात पाणबुडे होते अवघे अठरा, आणि २०२१ मध्ये तशाच प्रयोगाची पुनरावृत्ती केली तेव्हा तो परिणाम आढळला नाही. त्यामुळे परीक्षेच्या हॉलसारखीच खोली शोधत फिरणाऱ्यांनी ते कष्ट वाचवावेत, असे माझे मत आहे.

गेल्या जुलैत माझी भाची त्याच विद्यापीठात दाखल झाली. आता त्याच्या नावात सावित्रीबाई फुले आहेत. ते २०१४ साली, मी बाहेर पडल्यानंतर आले. “मावशी, तू बसायचीस ती जागा दाखव,” असे तिने म्हटल्यामुळे भर पावसात आम्ही दोघी गेलो. वडाखाली चिखल होता. विभागातल्या त्या वर्गात आता पांढरा बोर्ड आहे, आणि त्यावर निळ्या मार्करने कोणाची तरी सिद्धता तिसऱ्या पायरीवर अडलेली होती. जयकरमध्ये मी तिला दारातूनच खिडकीजवळची माझी खुर्ची दाखवली. खुर्ची रिकामी होती, टेबलावर एक स्टीलची बाटली आणि घडी केलेला ओला रुमाल होता.

“कोणीतरी धरलीये,” भाची म्हणाली.

“नाश्त्याला गेली असेल,” मी म्हटले, आणि आम्हीही चहाला गेलो.