लांबच्या सागरप्रवासाला निघताना बेळगावातील घर आणि गाड्यांचा विमा

पोर्ट ब्लेअरहून श्रीलंकेतील गॉल, तेथून कोची आणि शेवटी पणजी असा शिडाच्या बोटीने केलेला प्रवास आम्ही उभयतांनी नुकताच पूर्ण केला. बोट गोव्यातील एका स्नेह्यांची होती आणि आम्ही तिच्यावर खलाशी म्हणून होतो. जानेवारी ते मार्च या काळात बंगालच्या उपसागरात वारा ईशान्येकडून वाहतो, त्यामुळे पूर्वेकडून येणाऱ्या बोटीला तो पाठीमागून किंवा बाजूने मिळतो आणि हा मार्ग याच दिवसांत धरतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या ‘म्हादेई’चे नाव आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीवरून ठेवलेले आहे. आता आपल्या भागातील काही मंडळी अशा प्रवासाची चौकशी करू लागली आहेत, आणि वाऱ्यालाटांच्या आधी ती विचारतात ते मागे राहणाऱ्या घराविषयी. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्याच तयारीचा आहे.

पोर्ट ब्लेअर ते गॉल हे अंतर सुमारे ८०० सागरी मैल आहे. पाच नॉटचा, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांचा, वेग धरला तरी जवळजवळ आठवडाभर मोबाइलला रेंज मिळत नाही. विम्याचे नूतनीकरण आज फोनवरून होते खरे, पण पैसे भरताना लागणारा ओटीपी भर समुद्रात येत नाही. त्यामुळे घरातील सर्व पॉलिसींच्या तारखा एका कागदावर मांडून, ज्यांची मुदत प्रवासात संपणार होती त्यांचे नूतनीकरण आम्ही निघण्यापूर्वीच करून घेतले. गाडीची पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि पाच वर्षे दावा न केलेल्याच्या बाबतीत तो ५० टक्के असतो. शिवाय खंड पडला की नवी पॉलिसी देण्यापूर्वी कंपनी गाडीची तपासणी करते. गाडी उभीच राहणार आहे म्हणून विमा संपू द्यावा, हा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मला मुळीच मान्य नाही.

त्याऐवजी कंपनीकडे ‘ले-अप’ची नोंद मागता येते. गाडी सलग किमान दोन महिने गॅरेजमध्ये उभी राहणार असेल, तर तसे लेखी कळवून विमा आग, चोरी, वादळ, पूर अशा जोखमींपुरता चालू ठेवता येतो आणि त्या काळाच्या हप्त्यात सवलत मिळते. मात्र ही नोंद असताना गाडी रस्त्यावर आणता येत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा फेरी मारून आणावी, अशी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण ती या नोंदीशी जुळत नाही, कारण रस्त्यावर त्या गाडीला तृतीय पक्षाच्या विम्याचे, म्हणजे गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचे, संरक्षण उरत नाही. आम्ही मोटारीसाठी ही नोंद घेऊन बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवली. स्कूटर पुतण्या वापरणार होता, म्हणून तिचा विमा पूर्ण ठेवला आणि त्याचा परवाना चालू असल्याची खात्री केली. गाडी चोरीला गेल्यास कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, तेव्हा कोणती किल्ली कोणाकडे दिली हे लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

घराच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रिकाम्या घराचा आहे. जुन्या पद्धतीच्या अग्निविमा पॉलिसीत इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली, तर कंपनीची लेखी संमती नसल्यास संरक्षण थांबते. घरफोडीच्या विम्यातही अशी अट असते आणि तिची मुदत बहुधा याहून कमी असते. १ एप्रिल २०२१ पासून मिळू लागलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीबरोबर घरसामानालाही, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. पण आग किंवा पूर यांसारखी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तिच्या मूळ संरक्षणात बसते. बंद घराचे कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळी जोड घ्यावी लागते. आम्ही ती घेतली, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, आणि घर किती महिने बंद राहील व किल्ली कोणाकडे असेल, हे पत्राने कळवून त्याची पोच घेतली.

सीमाभागात कागदपत्रांची एक वेगळी अडचण येते. घराच्या मालकीची नोंद दाखवणारा महापालिकेचा खाते उतारा किंवा ग्रामपंचायतीच्या ‘ई-स्वत्तू’ या संगणकीय मालमत्ता नोंदणीचे फॉर्म ९ व ११ कन्नडमध्ये असतात, तर पॉलिसीवरचे नाव आधार कार्डावरून घेतलेले असते. दोहोंत आडनावाचा किंवा वडिलांच्या नावाचा फरक राहिला की दाव्याच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. ती दुरुस्ती आधीच करावी. चंदगड किंवा कोल्हापूरकडील नातेवाइकांमुळे अनेकांकडे एमएच-०९ क्रमांकाच्या गाड्या असतात. अशी गाडी कर्नाटकात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल तर कायद्याने तिची येथे नोंदणी करावी लागते आणि पॉलिसीतही तसा बदल करून घ्यावा लागतो.

या तयारीचा उपयोग आम्हाला प्रत्यक्ष झाला. आम्ही कोचीहून निघालेलो असताना बेळगावात वळीव झाला, मागच्या पडवीची कौले उडाली आणि आंब्याची फांदी मोटारीच्या टपावर पडली. शेजारच्या काकांच्या नावाने आम्ही अधिकारपत्र करून ठेवले होते, पॉलिसी क्रमांकही त्यांच्याकडे होते. त्यांनी काही हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढली, त्याच दिवशी कंपनीला कळवले आणि नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकाला घर उघडून दाखवले. मंगळूरजवळ रेंज आली तेव्हा त्यांचा निरोप मिळाला. घराचा दावा आम्ही पुढे नेला. मोटारीचा केला नाही, कारण टपाच्या दुरुस्तीचा खर्च बोनसच्या नुकसानीपेक्षा कमी होता. असा हिशेब प्रत्येकाने दावा करण्यापूर्वी मांडावा. बारा महिने गळणाऱ्या छताचे नुकसान मात्र वादळाच्या दाव्यात बसत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी कौले चाळून घेणे आणि चांगल्या स्थितीतील छताची तारखेसह छायाचित्रे ठेवणे हिताचे आहे.

पणजीहून आम्ही चोर्ला घाटातून बसने बेळगावला परतलो. ले-अपची नोंद रद्द होऊन पूर्ण विमा पुन्हा सुरू झाल्याचे लेखी पत्र कंपनीकडून येईपर्यंत मोटार गॅरेजमध्येच ठेवली आणि बाजारहाट स्कूटरवरून केला.