आमची वाटचाल: इंजिन फ्लिंटचे, गाडी ब्रेसोची

डेट्रॉइटच्या उत्तरेला भाड्याने घेतलेल्या एका जुन्या शेडमध्ये २०१० साली आम्ही हा व्यवसाय सुरू केला. इटलीत बांधलेल्या आणि बोनेटखाली अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन असलेल्या, १९६० व १९७० च्या दशकांतील ग्रँड टूरिंग, म्हणजे लांबच्या वेगवान प्रवासासाठी बनवलेल्या, गाड्यांचा जीर्णोद्धार एवढे एकच काम आम्ही करतो. मी, माझी पत्नी, एका मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले पत्रेकामाचे कारागीर आणि एक तरुण मेकॅनिक अशी चारच माणसे येथे आहोत.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते. त्या आवारात डॉज आणि प्लायमाउथ या अमेरिकन गाड्याही जोडल्या गेल्या आणि इटलीची फियाटही, त्यामुळे इटालियन आणि अमेरिकन कामाची तुलना मी लहानपणापासून घरातच ऐकत आलो. पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकून मी पुढील शिक्षणासाठी मिशिगनला आलो, काही वर्षे इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली आणि २००९ च्या मंदीत ती नोकरी गेली. त्याच सुमारास एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या गोठ्यात कित्येक वर्षे उभी असलेली गाडी पाहायला बोलावले. ती इसो रिवोल्टा होती.

ही गाडी कोणी आणि का बांधली, हे सांगितल्याशिवाय आमचे काम समजणार नाही. रेन्झो रिवोल्टा हे मूळचे शीतकपाटांचे कारखानदार. मिलानजवळच्या ब्रेसो येथे त्यांनी पुढे स्कूटर, मोटारसायकली आणि १९५३ मध्ये इसेटा ही इवलीशी गाडी काढली, जिचा परवाना नंतर बीएमडब्ल्यूने घेतला. आपल्या नावाची भव्य, वेगवान गाडी काढायचे ठरवले तेव्हा त्यांनी स्वतःचे इंजिन घडवण्याच्या फंदात न पडता शेव्हरले कॉर्व्हेटचे ३२७ घनइंची, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे इंजिन निवडले; सांगाड्याची जबाबदारी फेरारी सोडून आलेले अभियंते जिओत्तो बिझारिनी यांच्याकडे आणि बॉडीची बर्तोने या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या इटालियन कंपनीकडे दिली, जिथे तेव्हा तरुण जॉर्जेत्तो जुजारो रेखाटने करीत होते. १९६२ च्या तोरिनो प्रदर्शनात आलेल्या या गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि मागे द दियाँ पद्धतीचा, म्हणजे दोन्ही चाके एका नळीने जोडणारा, अॅक्सल होता. पुढच्याच वर्षी त्याच प्रदर्शनात रिवोल्टांची दुसरी गाडी, ग्रिफो, दिसली. माझ्या मते त्या दशकात इतकी देखणी दुसरी गाडी झाली नाही.

तरीही अनेक संग्राहकांनी दीर्घ काळ या गाड्यांना ना धड इटालियन, ना धड अमेरिकन म्हणून बाजूला ठेवले. मला हे मत मुळातच चुकीचे वाटते, कारण रिवोल्टांनी काटकसरीपोटी नव्हे तर विचारपूर्वक ही निवड केली होती. शंभर मैल धावून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निमूटपणे सुरू झाली पाहिजे, ही ग्रँड टूरिंगची पहिली अट ते इंजिन पूर्ण करीत होते. आज साठ वर्षांनंतरही त्याचे पिस्टन, गॅस्केट आणि वॉटर पंप अमेरिकेत सहज मिळतात, आणि म्हणूनच या गाड्या रस्त्यावर धावू शकतात.

अवघड असते ते बाकीचे सगळे. ग्रिफो एकूण चारशेच्या थोड्या वर बनल्या आणि त्यांच्या बॉडीवर बरेचसे काम हातानेच झाले, त्यामुळे एका गाडीचे दार दुसरीला तंतोतंत बसेलच असे नाही. खिडकीभोवतीची एक चकचकीत पट्टी शोधण्यात आमचे सात महिने गेले आहेत. इटलीतील जुन्या कारागिरांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून माझी पत्नी इटालियन शिकली, आणि खरे सांगायचे तर व्यवसाय तगला तो त्या पत्रांमुळे.

आमची सर्वांत मोठी चूक दुसऱ्याच गाडीवर झाली. दाराखालची बॉक्सपट्टी मिशिगनच्या हिवाळ्यातील मिठाने पूर्ण कुजलेली होती आणि मी उतावीळपणे, आतून आधाराच्या नळ्या न जोडता, ती कापून काढली. या गाड्यांत बॉडी तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेली असते. आधार जाताच मधला भाग काही मिलिमीटर खाली बसला आणि दोन्ही दारे लागेनाशी झाली. ते सरळ करण्यात चार महिने गेले आणि त्या मजुरीचा एक डॉलरही मी गिऱ्हाइकाकडून घेतला नाही. तेव्हापासून लोखंडी चौकटीत गाडी जखडून, प्रत्येक फटीचे माप वहीत लिहिल्याशिवाय आम्ही कटर हातात घेत नाही.

दे तोमासो या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या मांगुस्ता आणि पांतेरा या गाड्याही आमच्याकडे येतात. त्यांची इंजिने फोर्डची असतात, आणि पांतेरा हजारोंनी बनल्यामुळे तिचे भाग मिळवणे तुलनेने सोपे जाते. रिवोल्टांच्या इसो कंपनीनेही १९७२ पासून फोर्डचे इंजिन वापरले, पण तेलसंकटानंतर १९७४ मध्ये ती कंपनीच बुडाली.

आतापर्यंत आम्ही अकरा गाड्या पूर्ण केल्या. गाडी आली की उजव्या सिलिंडर हेडच्या पुढची सपाट जागा पुसून तिथे ठोकलेली अक्षरे वाचणे हे आमचे पहिले काम असते, कारण मधल्या काळात अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून नवे बसवले आहे. सध्या शेडमध्ये १९६७ ची एक ग्रिफो आहे. तिच्या त्या जागेवर सुरुवातीला ‘एफ’ हे अक्षर आहे, म्हणजे ते इंजिन आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरील फ्लिंटच्या कारखान्यात बनले, समुद्रापार ब्रेसोला गेले आणि गाडीत बसून परत मिशिगनला आले. इंजिन गेल्या आठवड्यात सुरू झाले. डाव्या दाराची फट अजून दोन मिलिमीटरने जास्त आहे आणि कारागीर सध्या तेच काम करीत आहेत.