कारण : चालत नाही

खोक्याच्या टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. दिवसभर खोकी फोडणाऱ्या माणसाला अशा टोकाचं फार अप्रूप, कारण बाकीचे लोक टेप अशी चोपडतात की ती शोधताना नखं मोडतात. मी स्वतः काही परत पाठवताना टोक कायम दुमडते. ‘चला, आपल्या जातकुळीचं कुणीतरी आहे,’ असं मनाशी म्हणत मी खोकं उघडलं. आत टेबललॅम्प होता. क्रीम रंगाची छत्री, नीट गुंडाळलेली वायर आणि वायरीला लावलेलं केसांचं जांभळं रबर. रबराला एक मणी, तोही अर्धा तुटलेला.

रबर माझं होतं. चार दिवसांपूर्वीपर्यंत लॅम्पही माझाच होता.

मी एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामात रिटर्न तपासते. कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून चालू आहे. काम तसं सोपं. पट्ट्यावरून खोकं येतं, बारकोड स्कॅन करायचा, ग्राहकाने काय कारण दिलंय ते स्क्रीनवर वाचायचं, वस्तू बघायची आणि तिला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर द्यायचं. ए म्हणजे नव्यासारखी, पुन्हा फळीवर. बी म्हणजे उघडलेला माल, थोडा स्वस्तात. सी म्हणजे न बघता घाऊक लॉटमध्ये. डी म्हणजे नष्ट. एका वस्तूला दीड मिनिट. त्याच्या वर गेलात की स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा पिवळा होतो, मग लाल, आणि मग सुपरवायझर सहज फिरत फिरत आल्यासारखा येतो.

या टेबलावर माणसं फार जवळून कळतात. लेबल तसंच लोंबतंय पण बगलेत अत्तराचा वास, म्हणजे ड्रेस एका समारंभापुरता घातलेला. नव्या बुटांच्या खोक्यात झिजलेले जुने बूट. एकदा तर फोनच्या खोक्यात साबणाची वडी आली होती, वजन अगदी जुळवून! अशा लोकांना मी मनातल्या मनात भरपूर नावं ठेवते. कामाचा कंटाळा घालवायचा तो एक मार्ग आहे.

त्या दिवशी स्क्रीनवर माझ्याच ऑर्डरखाली लिहिलेलं होतं, ‘कारण : चालत नाही.’

लॅम्प उत्तम चालत होता. झालं असं की मला फोटोवरून क्रीम आणि राखाडी यातला रंग ठरवता येईना, म्हणून मी दोन्ही मागवले. एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. असं करणारे लोक इतके आहेत की आमच्याकडे एकाच ग्राहकाची एकाच ड्रेसच्या तीन साइजपैकी दोन परत येणं ही रोजची गोष्ट आहे. राखाडी आवडला, क्रीम परत करायचा ठरवला. शिफ्ट संपवून रात्री उशिरा फोन हातात घेतला, कारणांची यादी उघडली. ‘विचार बदलला’ निवडलं तर परत नेण्याचा खर्च माझ्या पैशातून कापणार होते. ‘वस्तू चालत नाही’ निवडलं तर काहीच नाही. बोट खाली सरकलं. आपण खोटं बोलतोय असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. बोलले कुणाशी होते? समोर माणूसच नव्हता.

दुकानात गल्ल्यावरच्या माणसाच्या तोंडावर ‘हा बंद पडतो’ म्हणायची माझी छाती झाली नसती. त्याने तिथेच प्लग लावून दाखवला असता. ऑनलाइन खरेदीतून नेमकी तीच मधली, थोडी अवघडलेली वेळ काढून टाकलेली असते, जाताना आणि येताना दोन्हीकडे. अॅमेझॉनला १९९९ मध्ये अमेरिकेत एका क्लिकवर खरेदीच्या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि ते २०१७ पर्यंत टिकलं. एक पायरी गाळण्याची ही युक्ती इतकी मोलाची ठरली की अॅपलने २००० मध्ये त्यासाठी परवाना घेतला होता. गाळलेल्या त्या पायरीवर माणूस क्षणभर थांबतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

तर लॅम्प. टेबलाच्या बाजूला चाचणीचं सॉकेट असतं, त्यात लावला. लख्ख लागला. दोनदा चालू-बंद केला, वायर हलवून बघितली. ग्रेड ए द्यायला गेले तर पर्यायच करडा झालेला. बी पण करडा. फक्त डी उजळ.

यामागचं गणित मला ठाऊक होतं, पण दुसऱ्यांच्या वस्तूंच्या बाबतीत. विजेची वस्तू चालत नाही असं ग्राहकाने लिहिलं की ती इथे लागली म्हणून चांगली ठरत नाही. अधूनमधून बंद पडत असेल, आतून तापत असेल. नीट तपासायची तर जाणकार माणूस आणि वेळ हवा, आणि तो खर्च लॅम्पपेक्षा जास्त. त्यात हा लॅम्प आमच्या कंपनीचा नाहीच. अशा साइटवरचं सगळं ती कंपनीच विकते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अॅमेझॉनवरसुद्धा विकल्या जाणाऱ्या नगांपैकी निम्म्याहून जास्त स्वतंत्र विक्रेत्यांचे असतात. विक्रेता आपला माल गोदामात ठेवतो आणि प्रत्येक हालचालीचे पैसे भरतो. खराब ठरलेला माल परत मागवला तरी पैसे, नष्ट करायला सांगितला तरी पैसे. परत मागवून पुन्हा वाहतूक, पुन्हा तपासणी, पुन्हा पॅकिंग करण्यापेक्षा बरेच जण एकदाच सांगून ठेवतात, बिघडलेलं असेल तर टाकून द्या. या विक्रेत्यानेही तेच सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या एका बोटाने परत नेण्याचा खर्च त्याच्यावर गेला, लॅम्प गेला आणि वर लॅम्प फोडण्याची फीसुद्धा त्याच्याच खात्यातून.

आकडा लाल झाला होता. सुपरवायझर आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, वागायला चांगला पोरगा.

“काय अडलंय ताई?”

“हा चालू आहे. डी मागतंय.”

“ग्राहकाने लिहिलंय ना चालत नाही म्हणून? मग द्या डी.”

“ग्राहक खोटं बोललाय.”

“ते आपल्याला कसं कळणार?”

“ग्राहक मीच आहे.”

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. त्याने स्क्रीनवरचं नाव वाचलं, रबराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मग तर तुम्ही याला हातच लावायचा नाही. स्वतःची ऑर्डर स्वतः तपासता येत नाही, माहीत आहे ना?” थोडं थांबून म्हणाला, “ग्रेड बदलता येते. माझ्या लॉगिनवरून. पण फॉर्म भरावा लागतो. ग्राहकाने खोटं कारण दिलं, असं कुणीतरी लिहून द्यायला लागेल. तुम्ही देता?”

फॉर्म पुढे कुठे जातो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कर्मचाऱ्याने खोट्या कारणाने रिटर्न केला तर काय होतं, तेही. नोटीसबोर्डावर लावलेलंच आहे.

मी लिहून दिलं नाही.

त्याने खोकं उचलून शेजारच्या टेबलावर काकूंपुढे ठेवलं. काकूंनी स्कॅन केलं, कारण वाचलं, डी दाबलं आणि लॅम्प लाल क्रेटमध्ये ठेवला. मोजून चाळीस सेकंद. काकू आमच्या विभागात सगळ्यात वेगवान आहेत. रबर तेवढं काढून घ्यावं असं मला वाटलं, पण रिटर्नमधली काडीसुद्धा खिशात टाकता येत नाही. सुटताना गेटवर तपासणी असते आणि अर्ध्या मण्याच्या रबरासाठी खुलासा देत उभं राहण्याची ताकद त्या दिवशी नव्हती.

सुट्टीत काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या बुटाची नाडी सैल करत म्हणाल्या, “एका लॅम्पचं काय घेऊन बसलीस? तो क्रेट रोज भरतो.”

ते खरंच होतं. २०२१ च्या जूनमध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनच्या अॅमेझॉन गोदामातला एक कागद बाहेर काढला होता. एका आठवड्यात १ लाख २४ हजारांहून जास्त वस्तूंवर नष्ट करण्याची खूण होती आणि तेवढ्याच काळात दान करण्यासाठी बाजूला काढलेल्या सुमारे २८ हजार. बातमी आली तेव्हा आमच्याकडे जेमतेम दोन दिवस कुजबुज झाली. फ्रान्सने २०२० मध्येच न विकलेला माल नष्ट करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. युरोपीय संघानेही मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे-चपला नष्ट करायला बंदी घालून त्यासाठी जुलै २०२६ ची मुदत ठरवली. पण दोन्हीकडे सुरक्षिततेसाठी अपवाद ठेवलेला आहे, आणि ‘चालत नाही’ असा शेरा लागलेला दिवा तशा अपवादाच्या फटीतून सहज निसटू शकतो. शेरा कुणी मारला हे कायदा कुठे विचारणार?

“मग मागवणंच बंद करायचं का?” मी काकूंना विचारलं.

“तू कर बंद. तुला पाय आहेत.” काकूंचे मिस्टर चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांच्या मापाची गादी, हातमोजे, पाठीचे पट्टे हे सगळं आणायला पूर्वी काकूंना दर महिन्याला एक रजा टाकावी लागायची, आणि दुकानात माप नसलं की तीही फुकट. “आता रात्री बसून मागवते आणि सकाळी दारात येतं. कुणी मला याची लाज वाटायला लावू नये. आणि उद्या सगळ्यांनी बंद केलं तर आपण दोघी काय करणार गं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लोक हा वाद घालतात तेव्हा एकीकडे राक्षसी कंपनी असते आणि दुसरीकडे गरीब बिचारा ग्राहक. मी दोन्हीकडे उभी असते. गोदामातल्या मोजपट्टीवर वैतागते आणि घरी गेल्यावर पार्सल कुठवर आलं ते नकाशावर बघत बसते. क्रीम लॅम्प न्यायला आलेला मुलगा धापा टाकत जिने चढून आला होता. मी ‘उशीर झाला’ म्हटलं, खोकं दिलं आणि दार लावलं. मार्च २०२१ मध्ये अॅमेझॉनने आपल्याकडे कुणाला बाटलीत लघवी करावी लागत नाही असं ट्विटरवर ठणकावून सांगितलं होतं, आणि २ एप्रिलला माफी मागून चालकांना रस्त्यावर स्वच्छतागृह मिळायला अडचण येते हे मान्य केलं होतं. मी ती बातमी दहा जणांना पाठवली होती, संतापाच्या इमोजीसकट. त्या मुलाला साधं पाणी विचारायचं मात्र सुचलं नाही.

संध्याकाळी लाल क्रेट पॅलेटवर चढले आणि पॅलेटला प्लॅस्टिकचे वेढे घालून ते गेले. कुठे जातात ते आम्ही बघत नाही, यार्ड मागच्या बाजूला आहे.

घरी आल्यावर विक्रेत्याला निरोप लिहिला. ‘लॅम्प बिघडलेला नव्हता. मी दोन मागवले होते, एक नको होता, म्हणून चुकीचं कारण टाकलं. माफ करा.’ इथे नोकरी पणाला लागलेली नव्हती, त्यामुळे पटकन लिहून झालं. परत नेण्याचा आणि फोडण्याचा खर्च भरून देऊ का, असंही विचारलं, पण साइटवर तसं करायची सोयच नाही. ग्राहकाकडून विक्रेत्याकडे थेट पैसे जाण्याचं बटण कुणी बनवलेलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ठरावीक मजकूर असेल असं वाटलं होतं, पण कुणीतरी हाताने टाइप केलेलं होतं, दोन चुका होत्या. ‘कळवलंत, बरं वाटलं. कारण आता बदलता येत नाही, ते जाऊ दे. महिनाभर आम्ही बिघाड शोधत होतो, कारण असे बरेच परत आले. खोलून बघायला एकही हातात येत नाही. एक विचारू का? क्रीम आणि राखाडी हा फरक आमच्या फोटोत कळत नाही का? दोन्ही रंग एकदम मागवणारे बरेच आहेत. तुम्ही दोन्ही प्रत्यक्ष पाहिलेत, तर फोटोत नेमकं काय चुकतंय तेवढं सांगाल का?’

मी त्यांच्या पानावरचे दोन्ही फोटो उघडले, फोन टेबलावर ठेवला आणि शेजारी राखाडी लॅम्प लावला. राखाडीबद्दल चार ओळी नीट लिहिता आल्या. फोटोत तो निळसर दिसतो, प्रत्यक्षात नाही. क्रीमचा फोटो बराच वेळ मोठा-लहान करून बघितला. छत्री अशीच होती की जरा पिवळट होती? आठवेना. एकदाच तर लावला होता घरी, तोही दोन मिनिटं, आणि दुसऱ्यांदा टेबलावर, ट्यूबलाइटच्या उजेडात.