इंदूरचा लसूण-मिरची सॉस अमेरिकेला पाठवताना

इंदूरला सांवेर रोडवर आमचं छोटं युनिट आहे. लोणची, चटण्या, सॉस. बेडियाची लाल मिरची आणि मंदसौरकडचा लसूण घालून केलेला सॉस इथे चांगला खपतो. न्यू जर्सीतल्या माझ्या धाकट्या दिरांनी तो तिकडच्या भारतीय किराणा दुकानांत ठेवायचं मनावर घेतलं आणि मी कामाला लागले. आता ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) हा आपल्याकडचा भाग सरळ आहे. सीए आणि कस्टम ब्रोकर चांगले असले की तो उरकतो. खरी मेहनत एका आकड्यापायी करावी लागली: पीएच ४.६. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट.

लसूण, मिरची, आलं हे पदार्थ मुळात फारसे आंबट नाहीत. त्यात व्हिनेगर घालून आंबटपणा आणला, की अमेरिकेची अन्न-औषध नियंत्रण संस्था एफडीए अशा सॉसला ‘ॲसिडिफाइड फूड’ धरते आणि त्याला वेगळे नियम लागतात. तयार मालाचा पीएच ४.६ किंवा त्याखालीच हवा. कारण त्याच्या वर, हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढून विष तयार करू शकतो. त्याचा वास येत नाही, चव बदलत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनलाही तेलातला लसूणच कारण ठरला. हे वाचल्यावर हा नियम मला कधीच जाच वाटला नाही. आपल्या हातची बाटली कुणाच्या घरी जाते, तेव्हा एवढी खात्री द्यायलाच हवी.

पण चवीचं काय? व्हिनेगर वाढवलं की लसणाचा ठसका मागे पडतो. शिवाय आम्लात कच्चा लसूण कधी कधी हिरवट-निळा होतो. अपायकारक नसतो, पण गिऱ्हाईक तशी बाटली परत ठेवतं. लसूण आधी वाफवून घेतल्यावर रंग टिकला, मात्र ठसका आणखी कमी झाला. शेवटी वाफवलेल्या लसणाचं प्रमाण वाढवलं, थोडं व्हिनेगर कमी करून सायट्रिक ॲसिड घेतलं, मिरची थोडी जाड वाटली. पीएच ४.० च्या खाली आणि चव आपली, असं जमेपर्यंत बरेच घाणे काढावे लागले. आमच्या कारागीर मावशी चाखायच्या आणि मान हलवायच्या. त्यांनी ‘हां, आता झालं’ म्हटलं तेव्हाच कृती पक्की केली.

मग ती कृती प्रोसेस ऑथॉरिटीकडे गेली. म्हणजे या विषयातला जाणकार तज्ज्ञ. बाटली किती तापमानाला भरायची, झाकण लावल्यावर किती वेळ थांबायचं, पीएचची वरची हद्द काय, हे ते नमुने तपासून लिहून देतात. आम्ही गरम सॉस भरून झाकण लावलं की बाटली आडवी करतो, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. दुसऱ्या दिवशी, आंबटपणा तुकड्यांच्या आतपर्यंत मुरल्यावर, बाटली उघडायची. वरचं तेल काढून टाकायचं, उरलेलं थोड्या डिस्टिल्ड पाण्यात वाटून पेस्ट करायची, ४ आणि ७ पीएचच्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) मीटर जुळवून घ्यायचा, मग इलेक्ट्रोड बुडवायचा. आकडा, बॅच नंबर, तारीख, सही. ही वही ३ वर्षं जपून ठेवावी लागते. देखरेख करणाऱ्यानं ‘बेटर प्रोसेस कंट्रोल स्कूल’चा कोर्स केलेला असणं सक्तीचं आहे; तो मी स्वतः ऑनलाइन केला.

नोंदणी दोन असतात, आणि इथे फार गोंधळ होतो. एक फूड फॅसिलिटीची, २००२ च्या बायोटेररिझम ॲक्टखाली. दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण. दुसरी ॲसिडिफाइड फूड करणाऱ्या कारखान्याची, तिचा एफसीई नंबर मिळतो. त्यानंतर लाल सॉस आणि हिरवा सॉस असे प्रत्येक मालाचे वेगळे अर्ज, त्यांचे एसआयडी नंबर. एफडीए या कशाचेही पैसे घेत नाही आणि नोंदणीचं सर्टिफिकेटही देत नाही. मला मात्र एका एजंटनं ‘एफडीए सर्टिफिकेट’ म्हणून भरमसाट रक्कम सांगितली होती. एफडीएला संपर्कासाठी अमेरिकेत राहणारा ‘यूएस एजंट’ लागतो, ते काम दिरांनीच अंगावर घेतलं.

लेबलावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो हिंगावर. आपल्या डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि गहू तिकडच्या नऊ ॲलर्जींच्या यादीत आहे. म्हणजे चिमूटभर हिंगासाठी ‘कंटेन्स व्हीट’ छापायचं, किंवा तांदळाच्या पिठाचा हिंग शोधायचा. आम्ही दुसरा मार्ग धरला. तीळ १ जानेवारी २०२३ पासून त्या यादीत आले, म्हणून तिळाच्या चटणीचा ग्राइंडरच वेगळा केला. हॉट सॉसची सर्व्हिंग १ टीस्पून धरतात, केचपची १ टेबलस्पून. न्यूट्रिशन फॅक्ट्समधले मिठाचे आकडे त्यावरच ठरतात.

“वहिनी, दुकानदार चवीचं नंतर बोलतात, आधी विम्याचं विचारतात,” असं भावोजींनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. आयातदार म्हणून एफएसव्हीपीची, म्हणजे परदेशी पुरवठादाराच्या पडताळणीची, फाईल त्यांना ठेवावी लागते: आमच्याकडे कोणते धोके आहेत आणि आम्ही ते कसे आवरतो, याची तपासणी त्यांनी करायची आणि ती कागदावर दाखवायची. नातं असलं तरी मी त्यांना प्रत्येक बॅचचा पीएच आणि लॅबचा रिपोर्ट पाठवते. माल न्हावा शेवाहून समुद्रानं जातो. पोचण्याच्या किमान ८ तास आधी एफडीएला ‘प्रायर नोटीस’, म्हणजे माल येत असल्याची आगाऊ सूचना, द्यावी लागते, आणि ब्रोकरनं एफसीई-एसआयडी नंबर भरावे लागतात. पहिला माल नीट सुटला, दुकानांतून पुन्हा मागणी आली.

आता कॅनडाची चौकशी चालू आहे. अमेरिकेच्या यादीत नसलेली मोहरी तिकडे ॲलर्जीच्या यादीत आहे. हिरव्या सॉसला आमची मोहरीचीच फोडणी असते, तेव्हा त्याचं लेबल नव्यानं करायला घेतलं आहे.