दुबई की शारजा?

दुबईतील नोकरीचे पत्र डिचोलीच्या घरी आले, तेव्हा पगाराच्या आकड्यापेक्षा राहायचे कुठे, या प्रश्नानेच मला अधिक छळले. शारजात तेवढेच घर बऱ्याच कमी भाड्यात मिळते, म्हणून शेजारचे काका, ज्यांची उमेदीची वर्षे आखातात गेली, शारजाचाच आग्रह धरत होते. परंतु शारजाला मेट्रो नाही आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही शहरांमधील रस्त्यांवर वाहनांची अशी कोंडी होते की, वाचलेले भाडे रोजच्या वेळेतून फेडावे लागते. मला ते पटले नाही. तिथे वर्षाचे भाडे बहुधा पुढील तारखांच्या मोजक्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते. पहिला पगार हाती येण्यापूर्वीच मोठी रक्कम लागते, हे इथून निघणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. अखेर मी शारजाच्या सीमेलगतचा, पण दुबईतलाच अल कुसैस हा भाग निवडला, कारण २०११ मध्ये सुरू झालेली मेट्रोची हिरवी मार्गिका तेथून जाते. अमिरातीचे घड्याळ दीड तास मागे आहे. सहाला सुटलो, तरी आईला फोन करेपर्यंत डिचोलीत जेवणाची पाने मांडलेली असतील.